सुनेची वही आणि लाखाचा दंड

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली यांस,



मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस पिकवणारा माणूस. तुमच्या कार्यालयाशी माझं कधी काम पडेल असं वाटलं नव्हतं. पण माझी धाकटी सून बचत गटातून ‘नमो ड्रोन दीदी’ झाली आणि आमच्या घरात तुमच्या नियमांखालचं रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आलं. म्हणून हे पत्र.

ड्रोनबद्दल माझी तक्रार नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली. पाठीवरचा पंप उतरत असेल तर माझ्यासारखा खूश दुसरा कोण होणार? मला बोलायचंय ते रिमोट धरणाऱ्या हातांबद्दल.

सुनेचं प्रशिक्षण १५ दिवसांचं. त्यातले ५ दिवस ड्रोन उडवण्याचे, बाकीचे १० खत-औषध फवारण्याचे. प्रमाणपत्र मात्र १० वर्षं चालतं. शिकून आल्यापासून ती एक वही ठेवते. शाळेत असताना चुकलेली गणितं वेगळ्या वहीत लिहायची तिची सवय, ती इथेही आली. त्यातली एक नोंद अशी: ‘ड्रोनचं तोंड माझ्याकडे होतं. उजवीकडे ढकललं, तो डावीकडे गेला.’

मला हे कळेना. तिने मला धुऱ्यावर उभं केलं आणि म्हणाली, “मामाजी, मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे. आता माझा उजवा हात तुमच्या कोणत्या बाजूला आला?” ड्रोन पुढे जात असतो तोवर त्याचं उजवं ते आपलं उजवं. तो वळून परत येऊ लागला की सगळं उलटं. विमानातल्या पायलटला ही अडचण येतच नाही, कारण विमान वळलं की तोही वळतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दर फेरीला डोक्यात आरसा फिरवावा लागतो. ड्रोन आपला आपण ठरलेल्या रेघांवर फिरतो तेव्हा प्रश्न नाही. पण लिंबाची फांदी किंवा विजेची तार समोर आली की सून रिमोट हातात घेते, आणि नेमक्या त्याच क्षणी विचार करायला वेळ नसतो. तार तर आभाळाच्या पांढुरक्या उजेडात दिसतही नाही. ती ड्रोनच्या पुढे आहे की मागे, हे दीडशे पावलांवरून भल्याभल्यांना सांगता येणार नाही.

दुसरी नोंद: ‘स्क्रीन दिसली नाही. एका हाताने पदर धरला.’ दुपारचं ऊन, तोंडाला मास्क, बॅटरी संपत आल्याची टिकटिक, आणि इशारा इंग्रजीत. हा रिमोट ज्याने बनवला त्याने तो वातानुकूलित खोलीत तपासला असावा, असा माझा संशय आहे. तुम्ही टाइप सर्टिफिकेट देता तेव्हा यंत्र उडतं का, तुटतं का, हे पाहत असणारच. उन्हात वाचता येतं का, हेही पाहावं.

मला अपघातांचे अहवाल वाचायचा नाद आहे. २५ एप्रिल २००६ ला अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात, नोगालेसजवळ, सीमेवर टेहळणी करणारं प्रिडेटर-बी हे बिनमाणसाचं विमान पहाटे कोसळलं. जमिनीवरच्या खोलीत दोन सारखीच नियंत्रण-टेबलं होती: एक पायलटचं, दुसरं कॅमेरावाल्याचं. पायलटचं टेबल गोठलं म्हणून त्याने ताबा दुसऱ्या टेबलावर घेतला. दोन्हीकडे एक दांडी अगदी सारखी. कॅमेऱ्याच्या कामात ती भिंगाची झडप हलवते, उड्डाणाच्या कामात इंजिनाचं इंधन सोडते किंवा तोडते. कॅमेऱ्यासाठी ती जिथे ठेवलेली होती, तीच जागा आता इंधन बंद करण्याची ठरली. इंजिन थांबलं. पायलटला ना आवाज बदललेला ऐकू आला, ना खुर्चीतली थरथर थांबल्याचं जाणवलं, कारण खुर्ची जमिनीवर होती. उंची कमी होताना दिसली तेव्हा त्याने मुद्दाम संपर्क तोडला. तसं केल्यावर विमान आपणहून वर चढून घिरट्या घालायला हवं होतं. बंद इंजिनाचं विमान कसलं वर चढतंय.

कुणाला इजा झाली नाही. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पायलटची चूक लिहिलीच, कारण टेबल बदलताना त्याने चेकलिस्ट पाळली नव्हती. पण पायलटला दोष देऊन फाईल बंद केली नाही. टेबलं आधीही अनेकदा गोठत होती, तरी यंत्रणा तशीच चालवली, हेही त्यांनी पाहिलं आणि २२ शिफारशी केल्या. आमच्याकडे ड्रोन तारेत अडकला की ‘बाईला जमलं नाही’ एवढ्यावर पंचनामा संपतो.

तुमच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत अपघात ४८ तासांत ‘डिजिटल स्काय’ या सरकारी पोर्टलवर कळवायचा आहे. त्याच नियमांत १ लाखापर्यंत दंडही आहे. बचत गटाची कुठली बाई आपण होऊन कळवेल, सांगा? आणि जे अपघात होता होता टळले, ते कळवायला तिच्याकडे जागा तरी कुठे आहे? अमेरिकेत १९७६ पासून ‘नासा’ पायलटांच्या चुका त्यांच्याच शब्दांत गोळा करते आणि नावं पुसून टाकते. दंड करणारं खातं वेगळं, ऐकून घेणारं वेगळं. शहाणी सोय आहे. असं काही ड्रोनवाल्यांसाठी करा, आणि मराठीतून बोलता येईल असं करा. टाइप करायला शेतात हात मोकळे नसतात.

सुनेच्या वहीत आजवर १४ नोंदी आहेत. त्यातल्या ९ ठिकाणी रिमोटची किंवा स्क्रीनची खोड आहे, ३ ठिकाणी थकवा, आणि २ ठिकाणी तिने सरळ ‘माझीच चूक’ असं लिहिलंय. वही तुमच्याकडे पाठवायला ती तयार आहे. या नोंदींवरून दंड होणार नाही, एवढं तिला तुमच्या सहीने लेखी हवं आहे.

कळावे,
आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कापूस उत्पादक