आग गावात, बंब शहरात

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या दोन तुकड्या बचावकार्यात उतरल्या. पुढे ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा या महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला. रस्ता पूर्ण झाला. मात्र त्या रात्रीने विचारलेला प्रश्न अजून आपल्यापुढे उभा आहे. शहापूर-मुरबाडच्या खेड्यात संकट आले, तर पहिल्या तासात धावून कोणी यावयाचे?

या प्रश्नाचे मूळ कायद्यात आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे दिला आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमनाचा उल्लेख नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत. शहापूर व मुरबाड या गावांना नगरपंचायती मिळाल्या, परंतु नगरपंचायतीची हद्द गावठाणापलीकडे फार जात नाही. हद्दीबाहेरच्या शेकडो पाड्यांची आग विझविणे हे कायद्याने कोणाचेच थेट कर्तव्य ठरत नाही. शहरातील दल येते ते शेजारधर्म म्हणून.

ग्रामीण भागात मदत २० मिनिटांत पोहोचावी, असा राष्ट्रीय निकष आहे. कल्याणहून मुरबाड सुमारे ३० किलोमीटर. माळशेजच्या पायथ्याचे पाडे त्याहून कितीतरी दूर. कल्याणची वाहतूक ओलांडून बंब तेथे पोहोचेपर्यंत कुडाचे घर आणि भाताच्या पेंढ्याची उडवी राख झालेली असते. उन्हाळ्यात राब भाजताना उडालेली ठिणगी वाऱ्यावर रानात शिरते आणि वणवा पेटतो. त्याच दिवसांत विहिरी आटलेल्या असतात. भातसा व तानसा धरणे मुंबईची तहान भागवितात. त्यांच्या परिसरातील पाडे मात्र टँकरची वाट पाहतात. अशा वेळी बंब आला तरी त्यात पाणी कोठून भरावयाचे, हाही प्रश्नच असतो.

मागणी होते ती बहुधा गाडीची. गाडी दिसते, तिचे उद्‌घाटन करता येते. परंतु गाडी आग विझवीत नाही, माणसे विझवितात. एका गाडीवर एक नायक, एक चालक व चार जवान धरले, तर तीन पाळ्यांना अठरा माणसे लागतात. साप्ताहिक सुट्ट्या व आजारपण जमेस धरता संख्या वीसच्या पुढे जाते. लहान नगरपंचायतीच्या तिजोरीला हा वेतनाचा भार पेलवत नाही. मग कंत्राटी चालक नेमला जातो आणि ज्याला श्वसनयंत्र बांधता येत नाही, अशा तरुणाच्या हाती पाण्याची नळी दिली जाते.

हे त्या तरुणावर अन्याय करणारे आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीत सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई या मुंबई दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. इतक्या अनुभवी माणसांनाही अग्नी सोडीत नाही, तेथे अशिक्षित हातांची काय कथा? मुंबईत कलिना येथे राज्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, नागपूरला राष्ट्रीय महाविद्यालय आहे. उणीव आहे ती प्रशिक्षित तरुणाला तालुक्यात कायम ठेवणाऱ्या पदांची.

नेतृत्वाचीही तीच स्थिती. महानगरपालिकांना मुख्य अग्निशमन अधिकारी असतो, तालुक्याला नसतो. आपत्तीच्या वेळी तहसीलदार समन्वय करतात, परंतु जळत्या घरात कोणास पाठवावे आणि कोणास थांबवावे, हा निर्णय त्या शास्त्राच्या जाणकाराचा असतो.

केरळने २०१८ च्या महापुरानंतर अग्निशमन केंद्रांशी जोडलेले प्रशिक्षित स्वयंसेवकांचे नागरी संरक्षण दल उभारले. जर्मनीत तर बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. आपल्याकडेही पाड्यापाड्यावरील तरुण हाक ऐकताच धावतात. त्यांना शिक्षण, विमा आणि जबाबदार नायक मिळाला पाहिजे. मात्र स्वयंसेवक हा कायम दलाचा हात आहे, त्याची जागा घेणारा नव्हे.

म्हणून जिल्हा परिषद, नगरपंचायती व औद्योगिक वसाहती यांनी खर्च वाटून घेऊन प्रत्येक तालुक्यासाठी एक सामायिक दल आणि त्याचा एक उत्तरदायी अधिकारी नेमावा, आणि राज्य शासनाने त्यास कायद्याचे पाठबळ द्यावे. येत्या ग्रामसभेत आपण हा विषय मांडू या. दरवर्षी १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात कामी आलेल्या ६६ अग्निशामकांचे स्मरण करतो. त्यांच्या स्मृतीला खरे अभिवादन व्हावयाचे असेल, तर खेड्यातील माणसाचा जीव शहरातील माणसाच्या जिवाइतकाच मोलाचा आहे, हे अंदाजपत्रकातही दिसले पाहिजे.