वीस वर्षांचा आराखडा आणि कपाटामागचा नकाशा

परवा नगरपालिकेत आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा बघायला गेलो होतो. नकाशा बोळात लावलेला, अर्धा लोखंडी कपाटामागे. शिपाईमामांनी कपाट सरकवलं तेव्हा दिसला. हरकतींच्या तीस दिवसांपैकी तो एकोणिसावा दिवस. नोंदवहीत अकरा हरकती. अकराही जण स्वतःच्या प्लॉटवर आरक्षण पडलं म्हणून आलेले. जुन्या पेठेबद्दल एक ओळ नाही.

आणि त्याच नकाशात जुन्या पेठेतून १८ मीटरचा रस्ता आखलाय! आज तिथं दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंची दुकानांची पहिली रांग गेली. कासार गेला, शिंपी गेला, कोपऱ्यावरचा चहावाला तर कुठल्याच कागदावर नाही. याला आराखड्याच्या अहवालात म्हटलंय ‘मध्यवर्ती भागाचे पुनरुज्जीवन’.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या तालुक्याचं घाला, बहुतेक बसेल.

पेठ मेली कशानं ते आधी बघा. एसटी स्टँड बायपासला नेलं. आठवडी बाजार गावाबाहेर नेला. तहसील नव्या इमारतीत गेलं. एकेक निर्णय सुटा बघितला तर बरोबरच वाटतो, पण तिन्ही मिळून पेठेतलं गिऱ्हाईक उठलं. खेड्यावरून येणारी बाई स्टँडवर उतरून, दाखला काढून, बाजार करून, बांगड्या भरून घरी जायची. ती आता पेठेत येणार कशाला? वाड्यांचे वरचे मजले भाऊबंदकीत कुलूपबंद. आणि यावर पालिकेचा इलाज काय, तर पेव्हर ब्लॉक, कमान, रंगीत दिवे आणि एक सेल्फी पॉइंट. सलाईनवरच्या माणसाला फेटा बांधल्यासारखं.

आता जरा हिशेब करा. आराखडा वीस वर्षांचा. मुख्याधिकारी जेमतेम तीन वर्षं टिकतो. नगरसेवक पाच वर्षं. मधली तीन-चार वर्षं तर राज्यातल्या बहुतेक पालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. नकाशा काढणारा सल्लागार बिल घेऊन पुढच्या गावाला. मग वीस वर्षं जागेवर कोण राहतं? आपण. आणि विचारलं कुणाला जात नाही? आपल्यालाच.

कायद्याची गंमत बघा. नऊशे वस्तीच्या खेड्याला वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथं म्हातारासुद्धा उठून सरपंचाला जाब विचारतो. घटनेनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत. आमच्यासारखी साठ-सत्तर हजारांची गावं मधल्या मधे लटकलेली. ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती. आमच्या वाट्याला पेपरातली जाहीर सूचना.

त्या सूचनेबद्दल मी बोलायला नको खरं तर. मागच्या आराखड्याच्या वेळी मी नवा वार्ताहर होतो. सूचना आमच्याच पेपरात छापून आली, जाहिरातीचे पैसे आले, मी एकदाही नकाशा बघायला गेलो नाही. त्या आराखड्यात पेठेलगत भाजी मंडईसाठी जागा राखलेली होती. नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण जातं. तसंच झालं. आज तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स आहे आणि भाजीवाल्या त्याच्यासमोर गटारीवर फळ्या टाकून बसतात. ती बातमी मी दहा वर्षं रोज ओलांडून गेलो. दोष माझाही आहे.

‘लोकांना विचारत बसलं तर काहीच होत नाही’, असं एक साहेब मला म्हणाले. लोक फक्त आपापला प्लॉट बघतात, हेही म्हणाले. त्यात तथ्य आहे, नोंदवही साक्षीला आहे. पण नकाशा पक्का करून मग हरकत मागितली, तर माणूस स्वतःचं घरच शोधणार ना त्यात! आधी विचारा. मुंबईच्या २०१५ च्या मसुद्यात लोकांनी इतक्या चुका दाखवल्या की मुख्यमंत्र्यांना तो नव्यानं करायला सांगावा लागला. वेळ लोकांनी घालवला की न विचारता काढलेल्या नकाशानं? पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा एक भाग एक दिवस गाड्यांना बंद करून लोकांना चालायला दिला. एका दिवसानं रस्ता बदलत नाही, कबूल. पण दुकानं पाडायच्या आधी करून बघता येतं, एवढं तर कळलं! आमच्या पेठेत एक रविवार हे करायला किती खर्च येतो? चार बॅरिकेड्स.

फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच हवेत असं लिहिलंय. मग पेठेसाठी तशी कायमची समिती का नको? दुकानदार, भाडेकरू, भाजीवाल्या, रिक्षावाले, वाड्यांचे वारस, सगळे त्यात. मुख्याधिकारी बदलला तरी समिती राहील. आणि दरवर्षी एकदा चौकात उभं राहून सांगायचं, आराखड्यातलं काय झालं, काय राहिलं आणि कुठल्या आरक्षणाची मुदत संपत आली.

मंडळी, अजून अकरा दिवस आहेत. साध्या कागदावर, आपल्या मराठीत हरकत लिहा. वकील लागत नाही. १८ मीटरचा रस्ता नको, पेठेतून स्टँडपर्यंत छोटी बस हवी, आठवड्यातला एक बाजार परत पेठेत हवा, कायमची समिती हवी. पटेल ते लिहा, पटत नसेल तर माझ्याविरुद्ध लिहा. पण आपल्या प्लॉटसोबत पेठेबद्दल दोन ओळी लिहा. प्रत्यक्ष सुनावणी हवी असं त्यातच नमूद करा आणि शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय हलू नका.

रविवारी सकाळी नऊला मी पेठेतल्या मारुतीच्या पारावर नकाशाची मोठी प्रत घेऊन बसतोय. भांडायला आलात तरी चालेल. वीस वर्षांनी मुलांनी विचारलं, तुम्ही तेव्हा कुठं होता, तर कपाटामागं होतो असं सांगायची वेळ यायला नको.