रविवार कुणाचा?

आठ मार्च आला की कचेऱ्यांमधून 'घर आणि करिअरचा समतोल' या विषयावर व्याख्यान ठरलेलेच. पहाटे लवकर उठा, वेळेचे नियोजन करा, स्वतःसाठी अर्धा तास काढा. काढा म्हणजे कुठून? झोपेतूनच ना!

मैत्रिणींनो, विश्रांती ही कामगारांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. घरात मात्र ती पुरुषाचीच झाली. बाईचा रविवार म्हणजे मटणाचे वाटण, आठवड्याचे कपडे, गाद्यांना ऊन, आणि जरा पाठ टेकली की 'चहा टाकतेस ना?'

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची मिनिटे २९९, पुरुषांची ९७. (तीही जे करतात त्यांची. शंभरात चौऱ्याहत्तर पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत.) २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटे वाचली, ती पुरुषाने उचलली असेही नाही. त्याने आपलीही नऊ कमी केली!

नात्यांचेही तेच. सासूबाईंचे औषध, नणंदेचे बाळंतपण ही 'नाती जपणे'. आपल्या मैत्रिणीकडे निघाली की 'कशाला?'

पुढच्या आठ मार्चला व्याख्यान जरूर ठेवा, पण समोरच्या खुर्च्यांवर पुरुषांना बसवा. आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, हे २०१७ मध्येच कायद्यात आले. ते कुठल्या मजल्यावर आहे, तेवढे साहेबांना विचारा.