पित्ताची गोळी आणि पोटातील व्रण

विजयदुर्गासारख्या किनाऱ्यावरील गावात छातीत जळजळले, की आधी आमसुलाचे सार आणि त्याने न भागल्यास दुकानातील गोळी, हा क्रम आता रूढ झाला आहे. गोळीने बरे वाटते, हे खरे. परंतु बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे.

जळजळ अनेकदा अन्ननलिकेत आम्ल उलटल्याने होते. तेथे गोळीचा उपयोग निर्विवाद आहे. जठरव्रणाची गोष्ट निराळी. तो तिखटाने व काळजीने होतो, ही समजूत १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांच्या संशोधनाने ढासळली. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या शोधाबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक लाभले. हा जंतू आणि सांधेदुखीवरील वेदनाशामके, ही व्रणाची प्रमुख कारणे होत. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांनी व्रण भरून येतो. पण जंतू उरला, तर तो पुन्हा उद्भवतो. त्यास प्रतिजैविकांची जोड साधारण चौदा दिवस द्यावी लागते.

विष्ठेतून या जंतूचा शोध दुर्बिणीवाचून लागतो. मात्र गोळ्या चालू असता ही चाचणी फसवी ठरू शकते. म्हणून शक्यतो चाचणी आधी, गोळी मागाहून. ही सोय प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात असावी, ही मागणी अवाजवी नव्हे. काळी शौचास, रक्ताची उलटी, घटते वजन, गिळताना अडथळा यांपैकी काही दिसल्यास मात्र दुर्बिणीची तपासणी टाळू नये. कर्करोगाची लक्षणेही या गोळ्यांखाली काही काळ झाकली जातात, आणि तो गमावलेला काळ परत मिळत नाही.