व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतरचे वर्ष

दारू अचानक थांबली की शरीराला होणारा त्रास बहुधा आठवडाभरात ओसरतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भास होतात, दिवसरात्रीचे भान राहत नाही. ही डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था वेळीच ओळखली नाही तर जिवावर बेतते. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपॅमचा उतरता डोस, यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपॅम आणि ग्लुकोज लावण्याआधी थायमिन, एवढी दक्षता घेतल्यास बहुतेक रुग्ण यातून सुखरूप बाहेर पडतात. व्यसनाच्या उपचारातला हा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वेळी रुग्ण औषधोपचाराच्या नजरेआड जातो.

डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथला निवासी उपचार पाच आठवड्यांचा असतो आणि त्याला नंतरच्या पाठपुराव्याची जोड आहे. पण अशा केंद्रापर्यंत पोहोचणारे थोडेच. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दाखल होऊन उपचार घेणारे तर १८० जणांत एक. उरलेले सगळे रुग्ण पित्त, रक्तदाब, पडझडीच्या जखमा आणि उडालेली झोप घेऊन फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात बसलेले असतात. केंद्रातून परतलेलाही शेवटी तिथेच येतो. म्हणून पाठपुराव्याची मुख्य जबाबदारी मानसोपचारतज्ज्ञाइतकीच फॅमिली डॉक्टरवर येते.

परतल्यावर पुन्हा पिणे घडले की रुग्ण त्याला ‘स्लिप झाली’ म्हणतो, घरचे ‘पैसे वाया गेले’ म्हणतात. २००० साली ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेने व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचे ४० ते ६० टक्के हे प्रमाण या आजारांत पथ्य-औषध मोडून त्रास उलटण्याच्या प्रमाणाच्या आसपासच होते. साखर वाढली म्हणून मधुमेही रुग्णाला कोणी हाकलून देत नाही. औषधे आणि दिनक्रम पुन्हा तपासले जातात. स्लिप झालेल्या रुग्णाला मात्र आजही कित्येक ठिकाणी रागावून परत पाठवले जाते, आणि लाजेने तो पुन्हा येतच नाही. ही चूक रुग्णाची नव्हे, उपचार करणाऱ्याची आहे. त्या दिवशी विचारायचे प्रश्न साधे असतात: शेवटचे कधी प्यायला, किती, आदल्या दिवशी काय घडले. उत्तरांत पगाराची तारीख येते, वरात येते, भावकीतले भांडण येते, रिकामा रविवार येतो. पुढच्या भेटीची आखणी त्यावरूनच करता येते.

डायसल्फिरामचा वापर याच टप्प्यावर होतो, आणि महाराष्ट्रात त्याचा सर्वांत घातक गैरवापरही. डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ मध्ये या औषधाचा परिणाम मांडला. दारूचे विघटन ॲसिटाल्डिहाइडपाशी अडते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. प्यायल्यास काय होईल हे ठाऊक असणे, हेच या औषधाचे काम. ते रुग्णाला नकळत भाजीत किंवा चहात मिसळले की उपचार उरत नाही, विषप्रयोगाचा धोका उरतो. हृदयविकार असलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम टिकतो. अगतिक झालेली पत्नी किंवा आई ‘त्याला न सांगता काही द्या’ म्हणून विनवते तेव्हा तिचे दुःख खरे असते, तरीही चिठ्ठी लिहिणे अक्षम्य आहे. रुग्णाची संमती, शेवटच्या पेयानंतर किमान बारा तासांचे अंतर, यकृताच्या तपासण्या आणि घरातल्या एका माणसाच्या देखरेखीखाली रोजची गोळी, या अटींवर हे औषध अनेकांना उपयोगी पडते. नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट हे पर्यायही आहेत. ते फारच कमी लिहिले जातात.

गर्द घेणाऱ्यांच्या बाबतीत घरी परतण्याचा काळ आणखी धोक्याचा. ‘टर्की’, म्हणजे गर्द थांबल्यावरचा त्रास, सोसून, काही आठवडे गर्दाविना राहून शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेने घेतलेली पुडी श्वास थांबवू शकते. तुरुंगातून सुटलेल्यांनाही हाच धोका असतो. रुग्णाला आणि घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर दीर्घकाळ ठेवलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण घटते, हे जगभरच्या अनुभवातून पक्के झाले आहे. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप कुटुंबाकडून आला तर समजावता येतो. डॉक्टरच्या तोंडी तो शोभत नाही.

प्रतिबंधाचा मोठा वाटा प्रिस्क्रिप्शन पॅडवरच आहे. सुधारत असलेल्या रुग्णाला झोपेसाठी महिनोन्‌महिने अल्प्राझोलाम, पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध देणे म्हणजे नव्या व्यसनाची सुरुवात. किशोरवयीन रुग्णाला व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन याबद्दल वेगळे विचारावे लागते. इनहेलंटचा वापर प्रौढांपेक्षा मुलांत जास्त असल्याचे त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले.

रुग्ण पुन्हा केंद्रात पाठवायची वेळ आल्यास कायद्याची माहिती लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती येतात. त्यामुळे घरातून उचलून नेणारे, साखळीने बांधणारे, मारहाण करणारे केंद्र बेकायदा आहे, आणि नोंदणी न पाहता तिथे रुग्ण धाडणारा डॉक्टरही दोषातून सुटत नाही. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार मागून ते पूर्ण केल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या गर्दच्या रुग्णाला ही तरतूद पहिल्याच भेटीत सांगावी.