वेंगोससारखी धावपळ

ग्रीसमध्ये कुणी पोटासाठी दिवसभर ऊर फुटेस्तोवर पळताना दिसला, की ‘वेंगोससारखा धावतोय’ असे म्हणतात. रंगभूमी आणि पडदा गाजवणारे विनोदी नट थानासिस वेंगोस ३ मे २०११ रोजी गेले. त्यांचा विनोद आठवताना ही धाव आली कुठून, हे आधी आठवायला हवे.

पिरेअस बंदरालगतच्या नेओ फालिरोत १९२७ साली त्यांचा जन्म झाला. पोरवयात त्यांनी परकी फौजांचा ताबा आणि उपासमार पाहिली, मग यादवी युद्ध. सक्तीच्या लष्करी सेवेत त्यांना माक्रोनिसोस या ओसाड बेटावर धाडले गेले. डाव्या विचारांच्या जवानांना छळ करून ‘सुधारण्या’ची ती छावणी. तिथेच त्यांना निकोस कुंदुरोस भेटले. पुढे दिग्दर्शक झालेल्या याच कुंदुरोस यांनी १९५४ च्या ‘जादूची नगरी’त त्यांना पडद्यावर आणले. नाट्यशाळेत न शिकलेला हा नट त्या छावणीतून आला.

त्यांचा टकला, घामाघूम नायक कामासाठी जीव टाकतो आणि प्रत्येकाला ‘भल्या माणसा’ अशी हाक मारतो. जोखमीच्या उड्या वेंगोस स्वतःच मारत. जेम्स बाँडचे विडंबन करताना त्यांनी गुप्तहेर नव्हे, ‘उघड हेर ०००’ उभा केला. स्वतःची चित्रपटसंस्थाही काढली. ती कर्जात बुडाली.

आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे दिनोस कात्सुरीदिस यांचा ‘युद्धात तू काय केलंस, थानासी?’. साल १९७१. देशावर लष्करशहांची सत्ता, आणि पडद्यावर महायुद्धातल्या ताब्याखालचे भुकेले अथेन्स. प्रेक्षकांना आजचे जोखड कालच्या जोखडात दिसले. थेस्सालोनिकी महोत्सवात या चित्रपटाचा आणि वेंगोस यांचा गौरव झाला.

उतारवयात त्यांनी एपिदाव्रोसच्या प्राचीन नाट्यगृहात अॅरिस्टोफनिसच्या नाटकांत काम केले. आणि १९९५ साली थिओ अँजेलोपुलोस यांच्या ‘युलिसिसची नजर’मध्ये ते टॅक्सीचालक झाले. छोटीच भूमिका. सीमेकडे जाताना बर्फात गाडी थांबते. चालक खाली उतरतो, समोरच्या पांढऱ्या निसर्गाला हाक मारतो आणि त्याला एक बिस्किट देऊ करतो.