महासंगणक आले, सॉफ्टवेअरच्या जतनाचे काय?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. सुमारे १३० कोटी रुपयांच्या या यंत्रांचे कौतुक रास्तच आहे. मात्र त्यांवर आज चालणारे संशोधन-प्रोग्राम पाच वर्षांनी पुन्हा चालतील का, ही चर्चा क्वचितच होते.

संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. प्रोग्राम मागे उरतो, पण कोणता कंपायलर, लायब्ररींच्या कोणत्या आवृत्त्या, हे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. मागून येणारा महिनोन्‌महिने त्रुटीसंदेश वाचत बसतो.

यावर उपाय आहे. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी यांची एकत्र बांधलेली शिदोरी म्हणजे कंटेनर इमेज. पाणी तेवढे यजमानाचे; कर्नल यजमान यंत्राचाच वापरला जातो. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही कल्पना रुजवली. मात्र त्याच्या नेहमीच्या रचनेत प्रशासकाचे अधिकार लागत असल्याने सामायिक महासंगणकांवर सिंग्युलॅरिटी, म्हणजे आजचे ॲपटेनर, अधिक स्वीकारले गेले. त्यात संपूर्ण इमेज एकाच फाइलमध्ये मावते.

तयार इमेज उतरवून घेतली की झाले, हा समज भाबडा आहे. अनेक नोड एकत्र राबवायचे तर इमेजमधील एमपीआय यजमान यंत्राशी जुळावे लागते. न जुळल्यास प्रोग्राम अडतो किंवा रखडतो. म्हणून इमेज स्वतः घडवावी लागते, आणि ती कशी घडवली याची कृती लिहून ठेवावी लागते. त्या कृतीत ‘लेटेस्ट’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे. तो शब्द आज एका आवृत्तीकडे बोट दाखवतो, उद्या दुसरीकडे.

पण नुसती कृतीही पुरत नाही. सेंटओएस ७ या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि तिचे नेहमीचे पॅकेज-पत्ते बंद झाले. तिच्यावर बेतलेल्या जुन्या कृती आता दुरुस्तीविना तडीस जात नाहीत. ज्यांनी घडवलेली इमेजही जपली, त्यांचे काम मात्र अडले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. त्या प्रती ‘शोधगंगे’वर ठेवल्या जातात. संगणकीय प्रबंधासोबत कृती आणि इमेज दोन्ही मागण्यास हरकत कोणती? जागेची सबब पुढे येईल. अशी इमेज बहुधा काही गिगाबाइटची असते. महासंगणकावरील एका मध्यम सिम्युलेशनचे निष्कर्ष अनेकदा याहून कितीतरी अधिक जागा व्यापतात.